काँगाची साथ आणि रे बॅरेटो

लॅटिन जॅझच्या इतिहासलेखनात एक पक्षपात रूढ झाला आहे: ज्याच्या नावाने तबकडी निघाली त्याची कीर्ती दफ्तरी दाखल होते, परंतु परक्यांच्या मुद्रणांत मेहनताना घेऊन वाजवीत ज्यांनी त्या संगीताचा पोत सिद्ध केला, त्यांची नावे वेष्टनाच्या पाठीवर बारीक टायपात उरतात. रे बॅरेटो हा काँगावादक दोन्ही पंक्तींना बसला, आणि माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व दुसऱ्या पंक्तीतले आहे.

1929 साली ब्रुकलिन येथे पोर्तो रिकन कुटुंबात जन्मलेल्या बॅरेटोने, सैन्याच्या चाकरीत जर्मनीस असताना, डिझी गिलेस्पीचे ‘मांतेका’ ऐकले आणि त्यातील चानो पोझोच्या काँगाने तो झपाटला गेला. पोझो हवानाच्या वस्तीतून, तेथील धार्मिक वादनाच्या संस्कारांतून आलेला. बॅरेटोजवळ ती मिरास नव्हती. न्यूयॉर्कला परतल्यावर जॅझवादकांच्या रात्रीच्या बैठकींत वाजवीतच त्याचा हात तयार झाला.

या तालमीचे महत्त्व तांत्रिक आहे. तुंबाओ हा क्यूबन ठेका मात्रेचे समान भाग करून चालतो. स्विंग मात्रेचे तीन भाग कल्पून त्यांतील पहिले दोन जोडते. या विसंगतीवर तोवरचा तोडगा म्हणजे एकाच रचनेत दोन्ही चाली आळीपाळीने वाजविणे. बॅरेटोने तुंबाओचे खुले आघात किंचित मागे झुकवून काँगा स्विंगच्याच चालीत बसविला, आणि ब्लू नोट, प्रेस्टिज, रिव्हरसाइड या कंपन्यांची बोलावणी त्याला येऊ लागली. 1958 मधील लू डोनाल्डसनचे ‘ब्लूज वॉक’ ऐकावे; परंतु कळस आहे तो 1963 च्या जानेवारीत मुद्रित झालेला केनी बरेलचा ‘मिडनाइट ब्लू’. त्यात पियानो नाही. गिटार आणि सॅक्सोफोन यांच्यामध्ये बरीच जागा मोकळी पडते, आणि ती भरून काढण्याचा मोह होणार नाही असा तालवादक विरळा. बॅरेटो ती मोकळीच ठेवतो. (तबल्याची साथ जोखणाऱ्या आपल्या श्रोत्यांना या संयमाची किंमत निराळी सांगावयास नको.) त्याच काळातल्या पुष्कळ तबकड्यांत काँगा केवळ खपासाठी डकविलेला आहे, हेही नमूद केले पाहिजे.

पुढची कारकीर्द सर्वश्रुत आहे: ‘एल वातुसी’ची लोकप्रियता, फानिया कंपनीतली साल्साची वर्षे, सेलिया क्रूझसमवेत मिळालेले ग्रॅमी, उत्तरायुष्यात ‘न्यू वर्ल्ड स्पिरिट’ वृंद घेऊन जॅझकडे परतणे आणि 2006 साली मृत्यू.

त्यानंतर या कलेच्या पदरी काय आले? 2011 साली ग्रॅमीच्या व्यवस्थापनाने लॅटिन जॅझचा स्वतंत्र वर्गच बरखास्त केला. वादकांनी ओरड केली, न्यायालयात दावाही गुदरला, आणि पुढच्या वर्षी वर्ग बहाल झाला. ही दाद योग्यच होती. तथापि बहाल झालेला वर्ग लॅटिन जॅझ म्हणून निघालेल्या ध्वनिमुद्रिकांपुरताच आहे. ‘मिडनाइट ब्लू’ आज निघाली असती, तर ती बरेलच्या नावे, निव्वळ जॅझच्या सदरात रुजू झाली असती, आणि तिच्यातल्या काँगाचा विचार करण्याचा अधिकार या वर्गाच्या परीक्षकांना पोहोचलाच नसता.