बाह्य जननेंद्रियाचे दीर्घकालीन त्वचाविकार आणि लेसर उपचार : गगनबावड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचे दीर्घकालीन त्वचाविकार हा वैद्यकशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही विषय आहे. 'लायकेन स्क्लेरोसस' हा त्यांतील प्रमुख विकार होय. असह्य खाज, त्वचा पांढरी पडणे, भेगा जाणे व कालांतराने अवयव आक्रसणे ही त्याची लक्षणे. हा विकार संसर्गजन्य नाही; रजोनिवृत्तीनंतर तो अधिक आढळतो. अलीकडे त्यावर कार्बन डायऑक्साइड लेसर सुचविला जातो. या उपचारामागील दाव्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुराव्याची चिकित्सा :
लेसरने त्वचेत सूक्ष्म जखमा केल्या जातात व त्या भरून येताना नवे कोलॅजन तयार होते, असे हे तत्त्व आहे. ते आकर्षक असले तरी मूळ दाह शमतो काय, हा प्रश्न उरतोच. 2021 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. 52 स्त्रियांच्या चाचणीत स्टेरॉइड मलमापेक्षा लेसर सरस ठरला. परंतु आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे, हे त्या स्त्रियांना ठाऊक होते. 40 स्त्रियांच्या दुसऱ्या चाचणीत लटक्या लेसरशी तुलना केली असता लक्षणीय फरक आढळला नाही. तत्पूर्वी 2018 मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने योनीच्या 'पुनर्यौवना'साठी अशी उपकरणे वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता.

याउलट क्लोबेटासोल मलमाचा आधार भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील 507 स्त्रियांच्या 2015 च्या अभ्यासात नियमित उपचार घेणाऱ्यांपैकी एकीलाही त्या जागी कर्करोग वा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. अनियमित उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4.7 टक्के होते. म्हणजे निर्णायक बाब यंत्र नसून सातत्य आहे.

ग्रामीण वास्तव :
हे सातत्य गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावरील तालुक्यात कसे टिकावे? कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय येथून सुमारे 55 किलोमीटरवर आहे. परंतु अंतराहून मोठा अडसर संकोचाचा आहे. या तालुक्यापुरती आकडेवारी हाताशी नसली तरी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा, गडचिरोलीचा, दाखला बोलका आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. मात्र पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. दुखणे होते, ते सांगण्याची जागा नव्हती.

पांढरा डाग म्हणजे कोड आणि खाज म्हणजे अस्वच्छता, हे समज दृढ असताना स्त्री मूकपणे सोसत राहते. निदानच होत नसेल, तर लेसर श्रेष्ठ की मलम, हा वाद तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

निष्कर्ष :
लेसरवर संशोधन अवश्य व्हावे. मात्र अपुऱ्या पुराव्यावर त्याची जाहिरात होणे अनुचित आहे. ग्रामीण भागात प्रथम गरज आहे ती तपासणीची, मलमाच्या अखंड पुरवठ्याची आणि आशा कार्यकर्तीजवळ हे दुखणे बोलून दाखविता येईल अशा शब्दांची. आपल्या महाविद्यालयांतील आरोग्यविषयक उपक्रमांत हा विषय निःसंकोचपणे यावा, एवढी जबाबदारी तरी अध्यापकवर्गाने स्वीकारावयास हवी.