सदराचं पुस्तक होतं, आवाजाचं काय?

मराठी समीक्षा कादंबरी-कवितेला पहिल्या पंगतीला बसवते. सदरलेखनाची दखल ती पुस्तक निघाल्यावर घेते आणि रेडिओवरच्या निवेदनाची जवळपास घेतच नाही. परभणी जिल्ह्यात या दोन्ही कला नांदत असल्यामुळे हा पंक्तिप्रपंच इथे जास्त खटकतो.

मराठवाड्यातल्या वृत्तपत्री लेखनामागे ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांची परंपरा आहे. ते हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले. त्यामुळे प्रदेशाच्या प्रश्नांवर लिहिताना त्यांची लेखणी तटस्थपणाचा आव आणत नसे. आजच्या परभणीत ही जागा आसाराम लोमटे यांच्याकडे जाते. सेलू तालुक्यातले लोमटे ‘लोकसत्ता’चे वार्ताहर आणि कथाकारही, ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘धूळपेर’ या सदरात त्यांच्यातला बातमीदार पुरावा आणतो आणि कथाकार आवाज चढू देत नाही. गावातली सत्ता कुणाच्या हाती, शेतीचा हिशेब कुठे फसतो, हे ते गहिवर न काढता सांगतात.

दुसरी कला परभणी आकाशवाणीची. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागणाऱ्या या केंद्राला १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ शेजारीच लाभलं. माहितीची वानवा नाही. अडतं ते बोलण्यात. तज्ज्ञ समोर कागद ठेवून ‘फवारणी करण्यात यावी’ असं वाचतो, तेव्हा ते परिपत्रक होतं. ‘वारा पडल्यावर फवारा मारा’ म्हणणारा निवेदक तोच सल्ला थेट बांधावर पोचवतो. हे भाषांतर नव्हे, रचना आहे. पण तिच्यावर रचनाकाराचं नाव नसतं.

आकाशवाणीच्या पुणे केंद्राने बोलण्याचं हे महत्त्व फार पूर्वी ओळखलं होतं. १९५५ पासून कथाकार व्यंकटेश माडगूळकर तिथल्या ग्रामीण विभागात होते. १९५६ साली दीडशेच्या आसपास गावांत श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. लोक ऐकत, चर्चा करत आणि प्रश्न परत पाठवत. ऐकणाऱ्याचं उलट बोलणं हाच त्या कार्यक्रमाचा कणा होता. इंग्रजीत ‘गार्डियन’साठी अनेक वर्षं बातमीदारी केलेल्या ॲलिस्टर कुक यांनी बीबीसीवर ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ चालवलं, १९४६ ते २००४. ते आधी लिहिलेलं असे, पण कानासाठी लिहिलेलं.

परभणीला यातलं सगळं उपलब्ध आहे: मुरलेले लेखक, केंद्र, विद्यापीठ आणि बोलीतला श्रोता. नाही ती या सगळ्यांची गाठ. सदरलेखकांना माइकसमोर आणून लिहिलेलं वाचायला नव्हे, बोलायला लावलं पाहिजे. ध्वनिमुद्रणं जपली पाहिजेत. आणि समीक्षकांनी ती पुस्तकाइतकीच कसोशीने ऐकून चांगल्याला चांगलं, रटाळाला रटाळ म्हटलं पाहिजे. दोष दाखवणारा कुणी नसेल, तर कोणतीही कला सुधारत नाही.