उसाच्या भिंती

'द पर्ज'मध्ये (२०१३) कायद्यानेच सूट दिलेल्या १२ तासांत मुखवटे घातलेली टोळी एका घरावर चालून येते. दारांवर पोलादी शटर, आत सीसीटीव्हीचे पडदे. धोका बाहेर, आपण आत. विशाल फुरियाच्या 'लपाछपी'त (२०१७) ही वाटणीच मोडते. शहरातून नवऱ्यासोबत पळालेली गरोदर नेहा (पूजा सावंत) उसातल्या घरात आसरा घेते, आणि धोका आधीपासून घरातच असतो.

मला यातला दिवसाचा उजेड सगळ्यात जास्त छळतो. भीती काळोखावर सोपवलेली नाही. लख्ख उन्हात डोक्याच्या वर ऊस उभा, फ्रेममधून क्षितिजच गायब. सातारा-सांगलीकडे आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात असतो, त्यामुळे ही भिंत आपल्या ओळखीची. सरीत शिरलं की चार पावलांवरचं माणूस दिसत नाही.

शेवटाकडे संवाद फार समजावत बसतात. दृश्यांनी ते आधीच सांगितलेलं असतं. तरी सिनेमा मनातून जात नाही. तो जुलैत आला. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. 'पर्ज'ची रात्र कल्पनेतली, आणि ती सायरन वाजल्यावर सुरू होते. इथे सायरनचीही गरज पडली नाही.