विवाहविधी, निर्णयाधिकार आणि मराठी नाटक : आळंदीच्या संदर्भात

प्रस्तावना :
आळंदीची ओळख ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे आहे, तशीच ती तातडीने होणाऱ्या विवाहांमुळेही आहे. घरचा विरोध असलेली अनेक जोडपी येथे येऊन विवाहबद्ध होतात. परंपरेनुसार, संन्यासाश्रमातून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांना याच गावात बहिष्कार सोसावा लागला आणि त्यांच्या मुलांची मुंज नाकारली गेली. जेथे एका संसाराची मान्यता नाकारली गेली, तेथेच आज ती मिळवली जाते. विवाहाचा निर्णय कोणाचा, हा या विरोधाभासाच्या मुळाशी असलेला प्रश्न मराठी नाटकानेही हाताळला आहे.

विवेचन :
गो. ब. देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) मध्ये कांचनभट द्रव्यलोभाने आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथास देऊ पाहतो. हा विवाह मोडतो तो वधूवर सगोत्र ठरल्यामुळे, शारदेच्या नकारामुळे नव्हे. सुधारणावादी नाटकातही सुटका शास्त्राधारेच होते. विजय तेंडुलकर यांच्या 'कन्यादान' (१९८३) मध्ये ज्योती अरुण आठवले या दलित कवीची स्वतः निवड करते. निर्णय मुलीकडे आला, तरी तो जोखला जातो तो नाथ देवळालीकर या समाजवादी पित्याच्या आदर्शांवर. शीर्षकातील 'दान'ही सुटत नाही.

समाजात याच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. सत्यशोधक समाजाने (१८७३) पुरोहितास वगळून वधूवरांच्या प्रतिज्ञांना महत्त्व दिले. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध विवाहपद्धतीने होम व कन्यादान वर्ज्य केले. येथे विधीच बदलला. आळंदीत मात्र विधी तोच राहून निर्णय घेणारा बदलला. अंतरपाट, मंगलाष्टके, सप्तपदी कायम आहेत. यामागे केवळ श्रद्धा नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते व ती कार्यालयात लावली जाते; हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार रूढ विधींनी झालेल्या विवाहास अशा नोटिशीची गरज नाही. ज्या विधींवर वडीलधाऱ्यांची सत्ता होती, तेच त्यांच्या विरोधापासून आडोसा देतात. आंतरधर्मीय जोडप्यास मात्र ही वाट मोकळी नाही.

निष्कर्ष :
विधी पाळला की टाकला, यावरून पिढ्यांमधील परिवर्तन मोजणे अपुरे आहे. निर्णय कोणी घेतला, हे पाहणे आवश्यक ठरते. वधूपिता उपस्थित नसताना कन्यादान होते, तेव्हा त्यातील 'दान' नाममात्र उरते. त्या शब्दाचा अर्थ रंगमंचापेक्षा आळंदीच्या मांडवात अधिक बदलला आहे.