विशेषनामाचे डबे आणि सामान्यनामाचे डबे

नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचे उद्‌घाटन १ फेब्रुवारी १९७७ रोजी झाले. तेथील जुन्या उतारू-डब्यांचा विचार करू लागताच एक गोष्ट ध्यानात येते. ती ही की, ज्या डब्यांमुळे या संग्रहास ख्याती लाभली आहे ते विशेषनामाने ओळखले जातात. इंग्लंडच्या युवराजाच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थान-भेटीसाठी तयार केलेले प्रिन्स ऑफ वेल्सचे सलून, म्हैसूरच्या महाराजांचे १८९९ चे सलून आणि इंदूरच्या महाराजांचे सलून ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. यांतील प्रत्येक नाव षष्ठी विभक्तीवर उभे आहे. डबा किती आसनांचा व कोणत्या मार्गावरचा, हे प्रश्न मागाहून येतात. तो कोणाचा, हे आधी सांगितले जाते.

षष्ठीचा हा प्रभाव केवळ नामकरणापुरता मर्यादित नाही. कोणती वस्तू टिकावी हेही पुष्कळदा तिनेच ठरविले आहे. राजेरजवाड्यांची सलूने क्वचित रुळांवर येत आणि उरलेला काळ निगराणीत राहत. तिसऱ्या वर्गाच्या डब्याचे भाग्य निराळे होते. तो अहोरात्र धावे, झिजे, दुरुस्त होई आणि अखेरीस मोडीत निघे. सलूनाला मालकाचे नाव असे, सामान्य डब्याला केवळ क्रमांक. विशेषनामास स्मारक मिळते, सामान्यनाम वापरातच संपते. जुन्या वस्तूंच्या कोणत्याही संग्रहात हा न्याय थोड्याफार प्रमाणात आढळतो. म्हणून त्याचा सारा दोष एका संस्थेच्या माथी मारणे उचित नव्हे. सलूनांतील लाकूडकाम आणि सजावट यांचे कारागिरीच्या इतिहासातील मोलही नाकारता येत नाही. प्रश्न आहे तो अर्थाचा.

भाषेतील चिन्हाचे मूल्य त्याच्या इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून सिद्ध होते, असे सोस्यूर यांचे प्रतिपादन आहे. ते येथे तंतोतंत लागू पडते. सलून हे सलून ठरते ते बाकांच्या डब्याशी असलेल्या विरोधामुळे. तो विरोधी घटक दृष्टीआड झाला की सलून केवळ एक सुंदर दालन होते. त्याचा प्रवासाशी, म्हणजेच रेल्वेशी, असलेला संबंध सुटतो. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी जे लिहिले त्यात मुंबईहून मद्रासला जाताना मिळालेल्या डब्याचे वर्णन आहे. त्या डब्यावर २२ उतारूंची मर्यादा लिहिलेली होती आणि गर्दी मात्र ती मर्यादा ओलांडून गेलेली होती. डब्यावर लिहिलेला आकडा आणि आत कोंबलेली माणसे यांतील हे अंतर ज्याला ठाऊक नाही, त्याला एका व्यक्तीसाठी संपूर्ण डबा म्हणजे काय, हे कसे उमगावे?

या दृष्टीने ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहाची तुलना उद्‌बोधक ठरते. त्यात राणी ॲडलेड हिचा १८४२ चा डबा आणि राणी व्हिक्टोरिया हिचे १८६९ चे सलून आहे; पण त्याचबरोबर १८३४ मध्ये सुरू झालेल्या बॉडमिन-वेडब्रिज मार्गावरील तिसऱ्या वर्गाचा, छप्पर नसलेला उघडा डबाही जतन केलेला आहे. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना आच्छादित डबे व बसावयास जागा देण्याचे बंधन घालणारा १८४४ चा कायदा का करावा लागला, हे तो उघडा डबा एका दृष्टिक्षेपात सांगतो. राणीच्या डब्याचा अर्थही त्याच्यामुळेच पुरा होतो.

मराठी भाषकांच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. भारतीय रेल्वेवरील तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. पुढे १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेले, कोकणातून लोकसभेवर निवडून गेलेले मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या फळ्यांवर फोमच्या गाद्या घालविण्यास प्रारंभ केला. वस्तू गेली, शब्द मात्र राहिला. हलक्या प्रतीच्या कोणत्याही गोष्टीस मराठी बोलीत आजही ‘थर्ड क्लास’ म्हणतात. म्हणणाऱ्या तरुणाने तो वर्ग पाहिलेला नसतो. मुळात उतारूंना जी वागणूक मिळाली तिची निंदा करावयाची, ती निंदा शब्दाच्या प्रवासात हलकेपणाच्या शिक्क्यात बदलली. ‘बोगी’ या शब्दाचेही असेच स्थलांतर झाले आहे: डब्याखालील, वळणावर फिरणाऱ्या चाकांच्या गाड्याचे हे नाव मराठीत साऱ्या डब्यास लागू झाले. परंतु ‘बोगी’च्या अर्थविस्तारात कोणाचा अवमान नाही; ‘थर्ड क्लास’च्या अर्थांतरात कोट्यवधी माणसांच्या सोसण्याचा विसर आहे.

असा विसर दूर करणे हे संग्रहालयाचे कार्य होय. त्यासाठी सलूने मागे सारण्याचे कारण नाही. त्यांच्या शेजारी लाकडी बाकांचा साधा डबा तेवढ्याच आदराने उभा करावा. त्याच्या फलकावर आसनसंख्या, मार्ग व वर्ग यांची नोंद असावी. आणि सलूनाच्या फलकावरही त्यात किती माणसे प्रवास करीत, हे लिहावे. ‘कोणाचा’ या प्रश्नाबरोबर ‘कितीजणांचा’ हा प्रश्न विचारला गेला, तरच डब्यांच्या या संग्रहास प्रवासाचा इतिहास म्हणता येईल.