अदा कोणाची, नाव कोणाचे?

आधुनिक नृत्याचा विषय निघाला की आपल्याकडे उदयशंकरांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. १९४८ साली त्यांनी 'कल्पना' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, नायकाची भूमिका केली, नृत्येही बसवली. नृत्य रचणारा माणूस पडद्यावर नायक झाला. (त्यांच्याच पथकात १९३५ पासून जोहरा सेहगल नाचत होत्या. रामपूरच्या रोहिला पठाण घराण्यातली ही मुलगी आपल्या वाचकांना ठाऊक असावी.)

'कल्पना' मनात ठेवून आम्ही आपल्या सातारा-सांगलीकडे पाहतो तेव्हा चित्र वेगळे दिसते. वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. पवळाबाईंवाचून त्यांच्या फडाची गोष्ट पुरी होत नाही, तरी १९५० साली चित्रपट निघाला तो बापूरावांच्या नावाने. त्याआधी १९४७ मध्ये 'लोकशाहीर राम जोशी' आला. शेटफळ्याच्या गदिमांची लेखणी, हंसा वाडकरांची बया. चित्रपट उत्तम आहे, शंका नाही. पण शब्द राम जोशींचे, हे तो कधी विसरू देत नाही. त्या शब्दावर मान किती वळावी, पाऊल कुठे थांबावे हे कोणी ठरवले, हा प्रश्न त्याला पडत नाही. १९७२ च्या 'पिंजरा'त तर चंद्रकलेचे नाचणे हे मास्तरांना खाली ओढण्याचे साधन ठरते. शाहीर रचतो आणि बाई भुलवते, अशी ही वाटणी आहे.

आता वाईच्या यमुनाबाईंकडे पाहा. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अर्थ पालटते. आधी लटका राग, मग आर्जव, मग टोमणा, मग हार. भुवई, मान, बोटे आणि पदर एवढेच तिचे साहित्य. ही नृत्यरचनाच आहे, फक्त ती वहीत उतरलेली नसते, बाई समोरच्या मैफलीचा नूर पाहून जागच्या जागी रचते. आपल्या चित्रपटांचा कॅमेरा मात्र लावणी लागली की घुंगरावरून कमरेवर, कमरेवरून फेटेवाल्यांच्या शिट्ट्यांवर उड्या मारतो. पहिली अदा लक्षात राहिल्याशिवाय सहावी कळत नाही. मध्येच कापले की रचना गेली, उरला नखरा.

जर्मनीच्या पिना बाऊश २००९ साली, चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर वारल्या. तरी विम वेंडर्सने त्यांच्या नर्तकांना घेऊन २०११ मध्ये 'पिना' पुरा केला. यमुनाबाई १०२ वर्षे जगल्या. १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, २०१८ च्या मे महिन्यात वाईतच निधन. वेळ मिळाला नाही असे कोणालाच म्हणता येणार नाही. त्यांना रचनाकार म्हणून मध्यभागी बसवणारा कथापट आमच्या पाहण्यात नाही.

चित्रपटवाल्यांना बोल लावताना आम्हाला थोडी शरमही वाटते. शाहीर, तमाशा, मैफल, अदा हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. सगनभाऊंचे नाव तर आपण संमेलनांतून अभिमानाने घेतो. पण त्यांच्या लावण्या ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाऊन, अदा करून जिवंत ठेवल्या त्यांची नावे आपण कधी विचारली? आमच्या घरी रेडिओवर लावणी लागली की वडीलधारे बटण फिरवीत, आणि आम्हीही मुकाट्याने अभ्यासाला बसत असू.

उद्या यमुनाबाईंवर चित्रपट निघालाच, तर त्याची सुरुवात कशी होईल हे आम्ही आजच सांगू शकतो. आईबरोबर वाईच्या रस्त्यावर गाऊन भीक मागणारी लहान मुलगी, मागे सनईचा करुण सूर. ते खोटे नाही, तसे घडलेच होते. पण त्या मुलीने एका ओळीला सहा अर्थ द्यायला कोणाजवळ बसून, किती दिवस, कशी तालीम केली, हे दाखवायला दिग्दर्शकाला कॅमेरा एका जागी ठेवून दहा मिनिटे गप्प बसावे लागेल.