'थिंग्ज फॉल अपार्ट' : दुभाष्याचे स्थान

चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीचा विचार बहुधा 'दोन संस्कृतींचा संघर्ष' या सूत्राने केला जातो. हे सूत्र खोटे नव्हे, परंतु अपुरे आहे. संस्कृती परस्परांशी बोलत नाहीत. बोलतात ती माणसे, आणि भाषा भिन्न असल्या की त्यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इग्बो प्रदेशात शिरलेली ब्रिटिश सत्ता या तिसऱ्याच्या मुखाने बोलते, ही गोष्ट उपर्युक्त सूत्रामुळे दृष्टिआड होते.

म्बांटा गावी आलेल्या पाद्र्याचा दुभाषी इग्बोच आहे. मात्र त्याची बोली निराळी. 'मी स्वतः' या अर्थी तो जो शब्द योजतो, त्याचा तेथील बोलीत 'माझे कुल्ले' असा अर्थ होतो. गाव हसते, आणि ओकोन्क्वो तर पाद्र्याला वेडा ठरवून ताडी काढावयास निघून जातो. बोलीभेदातून उपजलेल्या या विनोदानेच संकटाची चाहूल बुजून जाते. पुढे ब्राउन आणि अकुन्ना यांची ईश्वरविषयक चर्चा दुभाष्यामार्फतच होते. तीत सौजन्य आहे. परंतु तिच्यातून ब्राउनला उमगते ते एवढेच, की समोरून हल्ला करण्यात अर्थ नाही. मग शाळा व दवाखाना उभे राहतात. परस्परांना समजून घेणे हेही विस्ताराचे साधन ठरू शकते, हे अचेबे येथे शांतपणे दाखवितात.

स्मिथच्या उर्मट आज्ञेचे ओकेके जाणूनबुजून सौम्य भाषांतर करतो. तरीही प्रार्थनामंदिर जाळले जातेच. याउलट, कमिशनरने ठोठावलेला २०० पिशव्या कवड्यांचा दंड कोर्टाच्या शिपायांच्या तोंडून गावात पोचतो तो २५० होऊन. एकाची अन्यथावाणी दयेपोटी, दुसऱ्यांची लोभापोटी. सत्ता मात्र दोघांमुळेही अबाधित राहते.

या पार्श्वभूमीवर ओकोन्क्वोचे तोतरेपण केवळ स्वभावविशेष राहत नाही. संभाषणकलेला मान देणाऱ्या समाजात शब्द अडला की मूठ चालविणारा हा पुरुष अखेरीस शस्त्र उगारतो, तेव्हा बळी पडतो तो गोरा अधिकारी नव्हे, त्याचा निरोप आणणारा शिपाई.

कादंबरीची एक मर्यादाही येथेच स्पष्ट होते. १९१३ च्या बायबल-भाषांतरासाठी घडविलेल्या 'युनियन इग्बो'वर अचेबे यांनी कठोर टीका केली. अनेक बोली एकत्र करून कोणीच न बोलणारी भाषा लादण्यात आली, हा त्यांचा आक्षेप. परंतु त्यांच्या स्वतःच्या इंग्रजीतही उमुओफिया व म्बांटा एकाच वळणाने बोलतात. 'ची', 'ओबी' यांसारखे शब्द व म्हणी मूळ भाषेचे भान राखतात खरे. बोलीभेदाची मात्र वाचकाला केवळ वार्ता मिळते, तो ऐकू येत नाही.

तथापि अखेरचा प्रसंग ही उणीव पुष्कळशी भरून काढतो. मित्राच्या लोंबत्या देहासमोर ओबिएरिका कमिशनरला त्याची थोरवी सुनावतो. या उद्गारांचे भाषांतर झाल्याचा उल्लेख नाही. उलट एक शिपाई त्याला गप्प बसावयास फर्मावतो. कमिशनर मात्र आपल्या नियोजित ग्रंथात या घटनेला एखादा परिच्छेद पुरे, असा हिशेब करीत निघून जातो. ज्या एका वाक्याचे भाषांतर होणे अगत्याचे होते, तेच अनुवादित राहत नाही. आणि वसाहतीचा लेखी इतिहास नेमका त्या रिकाम्या जागेतून सुरू होतो.